महाराष्ट्र नेमका कोणत्या खान्यात?

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस या दोन अर्थतज्ज्ञांनी २००४ साली भारतातल्या सोळा राज्यांची कामगार कायद्यांवरून वर्गवारी प्रसिद्ध केली. तिच्यात महाराष्ट्र ‘कामगारांच्या बाजूचा’ ठरला. शेजारी बसले होते पश्चिम बंगाल, ओडिशा आणि गुजरात. तीन वर्षांनी, २००७ मध्ये, राणा हसन, देवाशिष मित्रा आणि के. व्ही. रामस्वामी यांचा दुसरा निबंध आला. त्यात मूळ वर्गवारीबरोबर एक सुधारित वर्गवारीही होती आणि तिच्यात महाराष्ट्र ‘लवचीक’ राज्यांत गेला होता. मधल्या तीन वर्षांत मुंबई-पुण्याच्या कारखान्यांत काही क्रांती झाली नव्हती. दोन्ही निबंधांत तपासलेला काळही काही अंशी तोच होता. बदलला होता फक्त खाना.

हा तपशील अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरता वाटेल, पण तसा तो नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ‘भारतातले कामगार कायदे कडक, म्हणून कारखाने वाढत नाहीत’ हे वाक्य अग्रलेखांतून, अर्थसंकल्पावरच्या भाषणांतून आणि टीव्हीवरच्या चर्चांतून आपण जे ऐकत आलो, त्याच्या मुळाशी जी मोजकी आकडेमोड आहे तिच्यात बेस्ली-बर्जेस यांचा निबंध अग्रभागी आहे. तेव्हा ते खाने भरले कसे, हे पाहायला हवे.

पद्धत तशी कल्पक होती. कामगार हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे. त्यामुळे १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा केंद्राचा असला तरी राज्ये त्यात आपापल्या दुरुस्त्या करू शकतात. या दोघांनी अशा शंभराहून अधिक दुरुस्त्या एकेक वाचल्या. दुरुस्ती कामगाराच्या फायद्याची असेल तर अधिक एक, मालकाच्या फायद्याची असेल तर उणे एक, कोणाच्याच बाजूची नसेल तर शून्य. एकाच वर्षात एकाच दिशेच्या चार दुरुस्त्या झाल्या तरी एकच गुण. मग १९५८ ते १९९२ या काळातली बेरीज करत राज्यांना खाने दिले. त्यांचा निष्कर्ष असा की, कामगारांच्या बाजूने झुकलेल्या राज्यांत नोंदणीकृत कारखान्यांचे उत्पादन, गुंतवणूक आणि रोजगार मागे पडले आणि उत्पादन असंघटित क्षेत्राकडे सरकले. ज्यांच्या भल्यासाठी कायदा केला त्यांचेच नुकसान झाले, असा त्याचा मथितार्थ.

दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आदित्य भट्टाचार्जी यांनी २००६ मध्ये हीच दुरुस्त्यांची यादी पुन्हा काढून वाचली, आणि मला विचाराल तर या सगळ्या वादातले सर्वांत वाचनीय काम तेच आहे. गुजरात कामगारधार्जिणा कशामुळे ठरला? त्या राज्याच्या खात्यावर इतक्या वर्षांत एकच दुरुस्ती होती, १९७३ सालची. कारखान्यातल्या संयुक्त व्यवस्थापन मंडळावर मालकाने आपला प्रतिनिधी नेमला नाही तर रोज ५० रुपये दंड, एवढाच तिचा विषय. या पन्नास रुपयांच्या जोरावर गुजरात पश्चिम बंगालच्या पंगतीला बसला. उलट केरळ मालकांच्या बाजूच्या राज्यांत गेला. कोचीच्या धक्क्यावर माल उतरवून घेतलेल्या कोणाही व्यापाऱ्याला हे सांगितले असते तर त्याने पुन्हा विचारले असते, कोणते राज्य म्हणालात?

महाराष्ट्राची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. इथले कामगार संबंध औद्योगिक विवाद कायद्याइतकेच, किंबहुना काही उद्योगांत त्याहून जास्त, दोन वेगळ्या कायद्यांनी चालत आले. एक १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, दुसरा १९७१ चा कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित प्रथांना प्रतिबंध करणारा कायदा. हे राज्याचे स्वतंत्र कायदे. केंद्रीय कायद्यातली दुरुस्ती नव्हेत. त्यामुळे दुरुस्त्या मोजणाऱ्या त्या तागडीत ते आलेच नाहीत. आणि आले असते तरी अधिक एक लावायचा की उणे एक? गिरणगावाचा इतिहास माहीत असलेल्याला हा प्रश्न चांगलाच अडचणीत टाकेल. १९४६ च्या कायद्याने एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघटना मानली, आणि कापड गिरण्यांत तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. ही संघटना आपली नाही, असे म्हणणाऱ्या कामगारांना कायदेशीर वाट जवळजवळ बंद होती. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा पगार-बोनसबरोबर हा कायदाच रद्द करा, अशी त्यांची मागणी होती. कायदा रद्द झाला नाही आणि संपाने गिरणगावाचे काय झाले हे मराठी वाचकाला सांगायला नको. ज्या कायद्याविरुद्ध कामगार उठले त्याला कामगारांच्या बाजूचा म्हणावे, की मालकांच्या, की सरकारमान्य संघटनेच्या? अधिक एक आणि उणे एक यांच्यात या उत्तराला जागा नाही.

मग हसन, मित्रा आणि रामस्वामी यांनी महाराष्ट्राचा खाना का बदलला? यांपैकी रामस्वामी हे गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतले, म्हणजे याच राज्यात बसून लिहिणारे. जागतिक बँकेने भारतातल्या कारखान्यांच्या व्यवस्थापकांना विचारले होते की, गुंतवणुकीला कोणते राज्य चांगले. उत्तरात महाराष्ट्र आणि गुजरात वर होते, केरळ खाली. संशोधकांनी कायद्याच्या मजकुरापेक्षा कारखाना चालवणाऱ्याच्या अनुभवाला वजन दिले आणि त्या तीन राज्यांची जागा बदलली. यातही खोट काढता येते. व्यवस्थापकाला बंदर जवळ, वीज बरी आणि बँक हाताशी म्हणून महाराष्ट्र आवडत असेल, तर त्याचा कामगार कायद्याशी काय संबंध? पण निदान आपण कोणत्या कारणाने कोणाला कुठे हलवले हे त्यांनी उघड लिहिले.

हे सगळे १९९१ च्या व्यापार सुधारणांशी जोडलेले आहे. त्या वर्षी परकी चलनाची गंगाजळी आटली, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जावे लागले आणि आयात शुल्काची भिंत खाली आणण्याचे मान्य करावे लागले. सरासरी आयात शुल्क १९९० मध्ये ८० टक्क्यांच्या वर होते, ते १९९६ पर्यंत ३७ टक्क्यांवर आले. शुल्क देशभर एकाच वेळी उतरले, परिणाम मात्र जागोजागी निराळा झाला, आणि तो का निराळा झाला हे शोधताना राज्यांचे हे खाने कामी आले. हसन आणि सहकाऱ्यांना असे आढळले की, व्यापार खुला झाल्यावर कामगारांची मागणी मजुरीच्या बाबतीत अधिक हळवी झाली. पगार थोडा वाढला की मालक पूर्वीपेक्षा जास्त माणसे कमी करतो किंवा कमी घेतो, कारण आता स्पर्धा बाहेरच्या मालाशी आहे आणि किंमत वाढवून चालत नाही. लवचीक राज्यांत हा परिणाम अधिक. कामगाराच्या भाषेत सांगायचे तर वाटाघाटीच्या टेबलावरचे त्याचे वजन घटले. दानी रॉड्रिक यांनी १९९७ मध्ये अमेरिकेत बसून हीच भीती बोलून दाखवली होती.

नाणेनिधीतल्या पेत्या तोपालोवा यांनी जिल्हा हे एकक धरले. कोणत्या जिल्ह्यातले किती लोक कोणत्या उद्योगात आहेत आणि त्या उद्योगावरचे शुल्क किती उतरले, यावरून प्रत्येक जिल्ह्याला बसलेला धक्का त्यांनी काढला. ज्या ग्रामीण जिल्ह्यांना धक्का मोठा, तिथे गरिबी कमी होण्याचा वेग इतरांपेक्षा मंद राहिला. गरिबी वाढली असे त्या म्हणत नाहीत. देशाची गरिबी घटत होती, हे जिल्हे मागे राहिले. पाठ्यपुस्तक सांगते की, इथला धंदा बसला तर माणूस तिथे जाईल. तोपालोवांना दिसले की, माणसे फारशी हलली नाहीत, ना जिल्ह्यातून ना धंद्यातून. कडक कामगार कायद्यांच्या राज्यांत हे दुखणे जास्त होते, असेही त्यांनी लिहिले. कडक राज्ये कोणती? पुन्हा तीच वर्गवारी. एक खाना चुकीचा भरला की तो एका निबंधात थांबत नाही; पुढचे सगळे तो तयार माल म्हणून उचलतात.

देशांच्या बाबतीत असा तयार माल पुरवण्याचे काम जागतिक बँकेचा ‘डुइंग बिझनेस’ अहवाल २००३ पासून करत होता. त्याची वर्तमानपत्री कीर्ती आपल्याला चांगली आठवते: भारत १४२ वरून १३०, मग १००, मग ७७ आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये ६३. प्रत्येक उडीला पहिल्या पानावर जागा मिळाली. त्या क्रमांकाखाली मोजले काय जात होते हे मात्र आतल्या पानावरही क्वचितच आले.

अहवाल खऱ्या कंपन्यांना विचारत नसे. तो एक कल्पित कंपनी उभी करी आणि वकील, चार्टर्ड अकाउंटंट, वास्तुरचनाकार, माल पाठवणारे एजंट यांना विचारी की, या कंपनीने नियमाप्रमाणे काम केले तर किती टप्पे, किती दिवस, किती खर्च? भारतासाठी ही कंपनी आधी फक्त मुंबईत होती. पुढे दहा कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशांना दुसरे शहर जोडले गेले, तेव्हा दिल्ली आली. म्हणजे भारताचा क्रमांक हा या दोन शहरांचा क्रमांक होता. जालन्याच्या सळई कारखानदाराचा किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याचा त्यात कणभरही वाटा नव्हता.

बांधकाम परवान्याचे उदाहरण घ्या. कल्पित कंपनी एक दुमजली गोदाम बांधते, सुमारे चौदा हजार चौरस फुटांचे, शहराच्या कडेला पण शहराच्या हद्दीत. या एका निकषावर भारत २०१८ च्या अहवालात १८१ वा होता. पुढच्या वर्षी ५२ वा, त्यापुढच्या वर्षी २७ वा. मुंबई आणि दिल्लीच्या महापालिकांनी परवानग्या ऑनलाइन केल्या, खिडक्या कमी केल्या, हे खरे आहे आणि चांगले आहे. पण मुंबईच्या हद्दीत जागेच्या या भावात नवे गोदाम कोण बांधतो? मुंबईचा माल भिवंडीत साठतो. तिथली कित्येक गोदामे विनापरवाना उभी राहिल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालू आहेत. म्हणजे ज्या गोदामाचे दिवस मोजले गेले ते कोणी बांधत नव्हते, आणि जी बांधली जात होती ती परवान्याच्या रांगेतच उभी नव्हती.

मेरी हॉलवर्ड-ड्रिमायर आणि लँट प्रिचेट यांनी २०१५ मध्ये नेमके हेच जगभराच्या आकड्यांवर दाखवले. अहवालातले दिवस एका बाजूला आणि बँकेनेच खऱ्या कंपन्यांकडून गोळा केलेले दिवस दुसऱ्या बाजूला ठेवले, तर दोहोंचा मेळ फारसा बसत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एकाच देशात, एकाच कामासाठी, एका कंपनीला आठवडा लागतो आणि दुसरीला सहा महिने. नियम सगळ्यांना एकच. फरक ओळखीचा, चिरीमिरीचा, कोणाच्या टेबलावर फाइल आहे याचा. जिथे नियम कागदावर फार कडक आणि सरकारचा हात दुबळा, तिथे प्रत्यक्षात नियम चालत नाहीत, सौदे चालतात. ज्याने कधी गुमास्ता लायसन्स किंवा फायरची एनओसी काढली आहे, त्याला हे समजायला निबंध वाचावा लागणार नाही.

क्रमांकाच्या उड्यांचेही तसेच. जस्टिन सँडफर आणि दिव्यांशी वाधवा यांनी २०१८ च्या सुरुवातीला पद्धत कायम धरून जुनी वर्षे पुन्हा मोजली, तेव्हा भारताच्या तोवरच्या चढणीतला मोठा भाग सुधारणांचा नसून मोजमापाच्या पद्धतीतल्या बदलांचा निघाला. त्याच सुमारास बँकेचे मुख्य अर्थतज्ज्ञ पॉल रोमर यांनी चिलीची जाहीर माफी मागितली. पद्धत बदलल्यामुळे त्या देशाचा क्रमांक एका राष्ट्राध्यक्षाच्या काळात घसरत आणि दुसऱ्याच्या काळात चढत होता. रोमर काही दिवसांतच पायउतार झाले; त्याच वर्षी त्यांना नोबेल मिळाले, अर्थात वेगळ्या कामासाठी. पुढे चौकशीत उघड झाले की, २०१८ च्या अहवालात ८५ वर जाणारा चीन आकडे हलवून ७८ वर ठेवला गेला होता. १६ सप्टेंबर २०२१ रोजी बँकेने अहवालच बंद केला.

आणि या क्रमांकाचा प्रत्यक्ष व्यापाराशी संबंध काय? शेवटच्या यादीत बांगलादेश १६८ वा होता, भारत ६३ वा. त्याच सुमारास बांगलादेशची तयार कपड्यांची वार्षिक निर्यात तीस अब्ज डॉलरच्या वर होती आणि भारताची तिच्या निम्म्याच्या आसपास. ढाका-चितगावच्या शिंप्यांना ते यश कल्पित कंपनीच्या सोयीमुळे मिळाले नाही. युरोपात शुल्कमाफी होती, निर्यातीसाठी आणलेले कापड शुल्काविना ठेवण्याची बंधित गोदामांची सोय होती, परदेशी ग्राहकाच्या पतपत्रावरच कापड खरेदीचे पतपत्र उघडता येत होते. १९७९ मध्ये देश नावाच्या कंपनीने कोरियाच्या देवूशी करार करून आपली माणसे शिकायला पाठवली, तिथून हा धंदा पसरला. मजुरीही स्वस्त होती आणि राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली तेव्हा तिची किंमत जगाला दिसली. एका उद्योगापुरती वाट मोकळी केली तर बाकी देशाचा क्रमांक काहीही असो, माल जातो.

तरीही हे सगळे मोजमाप केराच्या टोपलीत टाका, असे मी म्हणणार नाही. त्यात दगडाबरोबर धान्यही आहे. सिमिओन जांकोव्ह, कॅरोलाइन फ्रॉइंड आणि काँग फाम यांनी याच अहवालातले निर्यातीचे दिवस ९८ देशांसाठी वापरले. कारखान्यातून माल निघून जहाजावर चढेपर्यंत लागणारा प्रत्येक जादा दिवस व्यापार एक टक्क्याहून अधिक घटवतो, असे त्यांना आढळले. जणू तो देश आपल्या गिऱ्हाइकांपासून आणखी सत्तरेक किलोमीटर दूर सरकला. नाशवंत मालाला हा फटका जास्त, हे नाशिकचा द्राक्ष बागायतदारही सांगेल. त्यातला धडा असा की, दिवस हे मोजण्यासारखे एकक आहे, क्रमांक नाही. न्हावा शेवा बंदरात सीमाशुल्क विभाग जो ‘टाइम रिलीज’ अभ्यास करतो, त्यात खऱ्या कंटेनरची खरी वेळ नोंदवतात: जहाज कधी लागले, कागद कधी सादर झाले, माल फाटकाबाहेर कधी पडला. विलंब कस्टममुळे की आयातदाराने पैसे उशिरा भरल्यामुळे, हेही त्यात कळते. असा अभ्यास पहिल्या पानावर येत नाही.

राज्यांनीही मधल्या काळात क्रमांकांचा नाद लावून घेतला. केंद्राच्या व्यवसाय सुधारणा यादीत महाराष्ट्र २०१५ मध्ये आठवा होता, २०१८ मध्ये तेरावा. त्याच यादीत उत्तर प्रदेश पुढच्या फेरीत बाराव्यावरून थेट दुसरा झाला. परकी थेट गुंतवणुकीत मात्र महाराष्ट्र गेली काही वर्षे सलग वरच्या क्रमांकांत आहे. यावरून तेरावा क्रमांक खोटा आणि गुंतवणुकीचा खरा, अशी उडी मारू नये. गुंतवणूक नोंदवली जाते कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर आणि नरिमन पॉइंट किंवा वांद्रे-कुर्ला संकुलाचा पत्ता पुष्कळांना हवा असतो. कारखाना दुसऱ्या राज्यात असू शकतो. दोन्ही आकडे आपापल्या परीने खरे आहेत. दोन्ही छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज वसाहतीतल्या कामगाराबद्दल काही सांगत नाहीत. २०२२ पासून केंद्राने क्रमांक सोडून गट करायला सुरुवात केली. महाराष्ट्र सर्वांत वरच्या गटात नव्हता, दुसऱ्यात होता.

वाळूजसारख्या वसाहतीतल्या कामगाराचे काय झाले, ते कोणत्याही खान्यात न मावणारे आहे. मनुष्यबळ कमी करायला सरकारची परवानगी घेण्याची अट १९७६ मध्ये ३०० कामगारांच्या कारखान्यांना लागली, १९८२ च्या दुरुस्तीने १०० वर आली. कडक कायदा म्हणतात तो मुख्यतः हा. मालकांनी त्यावर तोड काढली: कायम माणूस घ्यायचाच नाही. या शतकाच्या आरंभी नोंदणीकृत कारखान्यांत दर पाच कामगारांत एक कंत्राटी होता. आता सुमारे ४० टक्के आहेत. एकाच शेडमध्ये, एकाच यंत्रावर, एकाच कामाला एकाला कायद्याचे पूर्ण संरक्षण आणि दुसऱ्याला ठेकेदाराचा मोबाइल नंबर. अशा कारखान्याला कडक म्हणायचे की लवचीक? माझ्या मते दोन्ही, आणि म्हणूनच राज्याला एक खाना देण्याची पद्धत मुळातच अपुरी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि ती मर्यादा पुन्हा ३०० झाली. आता नवे निबंध येतील, नवे खाने भरले जातील.

जागतिक बँकेनेही नवा अहवाल सुरू केला आहे, ‘बी-रेडी’ नावाचा. त्यात नियम, सरकारी सेवा आणि प्रत्यक्ष कामाचा वेग यांचे गुण वेगवेगळे आहेत, खऱ्या कंपन्यांची पाहणी आहे, व्यापाराबरोबर कामगार हा विषयही आहे आणि सगळ्यांची मिळून एकच क्रमवारी दिलेली नाही. ऑक्टोबर २०२४ च्या पहिल्या आवृत्तीत ५० देश होते. बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तान त्यात होते, भारत नव्हता.